जुनी आळी की फ्लॅट? दोन्ही जमतं, पण खणण्याआधी बघा

एका लेखात म्हटलंय की रत्नागिरीसारख्या गावात जुन्या आळ्या राखल्या तर नवीन घरांना जागाच उरत नाही. पटत नाही. कोकणातल्या आळीतलं घर बहुधा रुंदीला कमी, खोलीला जास्त. ओटी, पडवी, माजघर राखून मागच्या परसात दोन मजली इमारत बसते. रस्त्यावरून कौलारू रांग तशीच दिसते.

खरा घोळ पाया खणताना होतो. चुन्यात बांधलेल्या जांभ्याच्या भिंतीला लागून बेसमेंट खणलं, की पावसाळ्यात खालची माती वाहून पाया बसतो आणि शेजाऱ्याची भिंत तडकते. खणायचंच तर दिवाळीनंतर, थोड्या थोड्या लांबीत, आणि पावसाआधी भरून मोकळं व्हायचं. जुन्या चिऱ्यावर, म्हणजे जांभ्याच्या दगडावर, सिमेंटचा गिलावा नको. ओल आत अडकते आणि चिरा भुगा होतो. चुनाच हवा. शौचटाकी विहिरीपासून लांब, हे वेगळं सांगायला नको.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत वारसा इमारतींची श्रेणी आणि टीडीआर (इथे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायला विकणं) दोन्ही आहेत. पण लहान शहरात टीडीआर विकत घेणार कोण? त्यापेक्षा नगरपरिषदेने त्याच प्लॉटवर मागे बांधायला सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, सवलत द्यावी. अर्थात, आधी वारसा यादी तरी करा!