भारी घड्याळ घेतलंत? आता ते तुमचं असल्याचं सिद्ध करा

अभिनंदन! अखेर घेतलंत. मनगट फिरवून फिरवून बघून झालं असेल, फोटो पाठवून झाले असतील, तर आता बसा कामाला. पैसे मोजले, खोका हातात आला, म्हणजे घड्याळ आपलं झालं असा तुमचा समज असेल, तर तुम्ही फारच भाबडे आहात. दुकानात होतो तो नुसता साखरपुडा. लग्न कंपनीच्या वेबसाइटवर लागतं, आणि तिथे नवरदेवालाच ओळखपत्र मागतात.

आधी हमीचं शास्त्र समजून घ्या. कार्तिए, आयडब्ल्यूसी, जेगर-लकूल्त्र यांच्या घड्याळांना मुळात दोन वर्षांची हमी. ती संपायच्या आत ऑनलाइन नोंदणी केलीत की दोनाची आठ होतात. ओरिसचं कॅलिबर ४०० नावाच्या यंत्राचं घड्याळ नोंदवलंत तर थेट दहा. बघा हं, चाकं तीच, स्प्रिंग तीच, आत घातलेलं तेलही तेच. पण तुमचं नाव आणि ईमेल मिळाला की त्याच यंत्राच्या टिकाऊपणाबद्दल कंपनीला एकाएकी सहा वर्षं जास्त खात्री वाटू लागते. यांत्रिक घड्याळांच्या इतक्या वर्षांच्या इतिहासात ग्राहकाच्या ईमेल पत्त्याइतकं गुणकारी वंगण दुसरं सापडलेलं नाही.

दुकानात हमीचं कार्ड तपासू नका. तिथे मऊ खुर्ची आहे, मंद दिवे आहेत, विक्रेत्याने हातात पांढरे मोजे घातलेत. अशा वातावरणात ‘तारीख टाकलीत का हो?’ विचारणं बरं दिसतं का? ओमेगाच्या अटींत स्वच्छ लिहिलेलं असतं की कार्डावर तारीख, पूर्ण माहिती आणि अधिकृत विक्रेत्याचा शिक्का असेल तरच हमी लागू. इतरांच्या अटीही थोड्याफार अशाच. कार्ड भरायचं विक्रेत्याने, अर्धवट राहिलं तर भोगायचं तुम्ही. वाटणी चोख आहे.

सिरीयल नंबरासाठी भिंग आणा. तो कधी मागच्या झाकणावर असतो, कधी पट्टा जिथे अडकतो तिथे बाजूला, आणि रोलेक्स असेल तर काचेखालच्या आतल्या कड्यावर. शून्य आहे की इंग्रजी ओ, हे कळत नसेल तर दोन्ही घालून बघा. फार वेळा बघितलंत तर वेबसाइट तुम्हालाच चोर समजून दार लावून घेईल.

पावती जपा, कार्डही जपा. पावती दाखवली की कार्ड मागतात, कार्ड दाखवलं की पावती.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: विक्रेत्याला तुमचा त्रास वाचवू द्या. माझा वाचवला. घरी येऊन मी नंबर नीट बघून भरला, खरेदीची तारीख भरली, बटण दाबलं. उत्तर आलं, ‘हे घड्याळ आधीच नोंदवलेलं आहे.’ घड्याळ माझ्या हातात, पावती माझ्या नावाची, आणि नोंदणी दुसऱ्याच कुणाची. कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारलं, कुणाच्या नावावर आहे? तर म्हणे, दुसऱ्या ग्राहकाची माहिती गोपनीयतेमुळे देता येत नाही. दुसरा ग्राहक! म्हणजे या घड्याळाला एक गुप्त मालक आहे, आणि मी फक्त ते सांभाळायला ठेवलेला माणूस. बरं, मग मालकी माझ्याकडे वळवा. हो, वळवतो ना, फक्त सध्याच्या मालकाने त्याच्या खात्यातून ‘हस्तांतर’ दाबायचं आणि त्याच्या फोनवर आलेला ओटीपी टाकायचा. कोण तो मालक? ते गोपनीय.

शेवटी दुकानातच उलगडा झाला. ज्याने मला घड्याळ विकलं त्याने स्वतःच्याच ईमेलवर नोंदणी करून टाकली होती. का? ‘कस्टमरला त्रास नको म्हणून आम्ही करूनच देतो, सर.’ आणि तो कुठे आहे? तो नोकरी सोडून गेला. त्याचा ईमेल? दुकानाचा होता, तो बंद झाला. मग ओटीपी कुणाला जाणार? यावर त्या काउंटरवरच्या सगळ्यांनी एकदम छताकडे पाहिलं. दुकान म्हणतं कंपनीला लिहा. कंपनी म्हणते आपल्या अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधावा. प्रत्येक उत्तराच्या खाली एक प्रश्नावली असते: आमच्या सेवेबाबत तुम्ही किती समाधानी आहात? पाच तारे आहेत. शून्य तारे द्यायची सोय नाही, मी शोधली. आणि या सगळ्या टोलवाटोलवीत हमीची मूळ दोन वर्षं मात्र बिनचूक सरकत आहेत. तेवढी वेळ पाळण्यात कुणाची चूक होत नाही.

हमीत काय काय येतं ते विचारू नका, मन खट्टू होतं. पट्टा नाही, काचेवरचे ओरखडे नाहीत, नेहमीची झीज नाही. चावी उघडी राहून पाणी शिरलं, तर तो तुमचा हलगर्जीपणा. घड्याळ रोज पाच सेकंद पुढे पळतंय? क्रोनोमीटरच्या, म्हणजे अचूकतेची चाचणी पास झालेल्या घड्याळाच्या, प्रमाणपत्रातच दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंदांची मुभा आहे, तेव्हा ते बरोबर चाललंय, तुम्हीच मागे पडलात.

कार्ड हरवण्याची भीती वाटते? काळजी नको. ब्राइटलिंगने २०२० पासून नव्या घड्याळांना ब्लॉकचेनवरचा, म्हणजे खाडाखोड न करता येणाऱ्या ऑनलाइन वहीतला, डिजिटल पासपोर्ट द्यायला घेतला आहे. आता कार्ड हरवणार नाही, पासवर्ड हरवेल.

भेट म्हणून देणार असाल तर नोंदणी कुणाच्या नावावर करायची हे घरात आधी भांडून ठरवा.

आणि अर्ज भरताना खाली एक चौकट आधीच टिक केलेली दिसली तर ती तशीच राहू द्या. नव्या मॉडेलची जाहिरात तुमच्यापर्यंत पोचायला कधी अडचण येत नाही. त्या यादीत तुमचं नाव बरोबर असतं, स्पेलिंगसकट.

पुरे झाले सल्ले. मला एक सांगा, नोंदणी हवीच कशाला? ट्यूडर २०२० पासून पाच वर्षांची हमी देतं. नोंदणी नाही, मधली तपासणी नाही, आणि घड्याळ दुसऱ्याला दिलं तर हमीही त्याच्यासोबत जाते. रोलेक्सची २०१५ पासून पाच वर्षं आहे, आणि विकताना दुकानदाराने कार्ड चालू करून दिलं की काम संपलं. म्हणजे जमतं. ज्यांना जमवायचं आहे त्यांना जमतं. बाकीच्यांनी उगाच ‘ग्राहकांशी नातं’ वगैरे भाषा करू नये. घड्याळ तुम्ही बनवलंत, नंबर तुम्ही कोरलात, कुठल्या दुकानात पाठवलंत ते तुमच्या वहीत आहे. मी त्यात भर घालतो ती फक्त माझ्या ईमेलची, आणि तो तुम्हाला घड्याळ दुरुस्त करायला नको आहे, पुढचं विकायला हवा आहे. सरळ तसं सांगा. यंत्र आठ वर्षं टिकेल असा विश्वास असेल तर आठ वर्षांची हमी द्या, नसेल तर देऊ नका. एखाद्याने अर्ज भरला नाही म्हणून त्याची चाकं लवकर झिजत नाहीत.

आणि दुकानदारांनो, दुसऱ्याच्या घड्याळावर स्वतःचा ईमेल टाकण्याला सेवा म्हणत नाहीत, आगाऊपणा म्हणतात. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना त्याच्याच फोनवर, त्याच्याच नावाने नोंदणी करा, तारीख घाला, शिक्का मारा, कार्ड त्याला वाचायला द्या. तेवढा वेळ नसेल तर ते पांढरे मोजे काढून ठेवा आणि दुसरं काहीतरी विका.