शेफ सुट्टीच्या दिवशी कुठे जेवतात?

शेफ, सोमेलिए (रेस्टॉरंटमध्ये वाइन निवडून देणारे), वाइनचे व्यापारी यांची 'आवडती हॉटेलं आणि रेस्टॉरंट' अशी यादी दिसली की मी ती वाचल्याशिवाय पुढे जात नाही. पण आताशा त्यात एवढंच शोधते की हा माणूस तिथे स्वतःच्या खिशातून पैसे भरून जेवला का, आणि पुन्हा गेला का. दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर शिफारस खरी. नाहीतर बऱ्याचदा ती मित्राने मित्राची केलेली जाहिरात असते.

या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात हो. नावाजलेला शेफ दुसऱ्याच्या रेस्टॉरंटमध्ये शिरला की आत किचनमध्ये लगेच निरोप जातो. मेन्यूत नसलेले दोन पदार्थ टेबलावर येतात, मालक स्वतः येऊन बसतो, आणि बिलात निम्म्या गोष्टी लावलेल्याच नसतात. यात गैर काही नाही, पाहुणचार आहे तो. पण मग 'काय जेवण होतं!' असं तो लिहितो तेव्हा ते जेवण तुमच्या-माझ्या ताटात येणारच नसतं. रेस्टॉरंटना स्टार देणाऱ्या मिशेलिन गाइडचे इन्स्पेक्टर ओळख लपवून जातात आणि पूर्ण बिल भरतात, ते यासाठीच.

'वर्ल्ड्स फिफ्टी बेस्ट रेस्टॉरंट्स' ही गाजलेली यादी २००२ पासून निघते. मतदार हजाराच्या वर. त्यात साधारण एक तृतीयांश शेफ आणि रेस्टॉरंटचालक, एक तृतीयांश खाण्यावर लिहिणारे आणि बाकीचे जगभर हिंडून खाणारे खवय्ये. म्हणजे इथेही व्यावसायिकांचं मत आहेच. पण मत देताना माणूस 'सर्वांत थोर कोण' याचा विचार करतो, भूक लागल्यावर वेगळा. शिवाय २०१९ पासून एकदा पहिला नंबर मिळालेलं रेस्टॉरंट पुन्हा स्पर्धेत धरतच नाहीत, हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांना माहीतही नसतं.

भूक लागल्यावरचं उदाहरण बघा. न्यूयॉर्कमध्ये सलिव्हन स्ट्रीटवर १९९२ साली ब्लू रिबन ब्रासरी सुरू झाली. तिचं किचन पहाटे चारपर्यंत चालायचं, आणि मॅनहॅटनमधले शेफ आपापलं काम आवरून तिथे जमायचे. ऑयस्टर, फ्राइड चिकन, नळीच्या हाडातला भाजलेला मगज असं समोर घेऊन. पदार्थ चांगले होते यात वादच नाही, पण पहिलं कारण साधं होतं: त्या वेळी किचन चालू होतं! दिवसभर दुसऱ्यांना जेवायला घालून मध्यरात्री सुटलेल्या माणसासाठी याहून मोठा निकष कुठला? याद्यांमध्ये मात्र हे कारण कुणी लिहीत नाही, तिथे 'टेक्स्चर'वर परिच्छेद असतात.

मगजाचा विषय निघालाच आहे तर लंडनचं सेंट जॉन. स्मिथफील्डच्या मांसबाजाराजवळ, पूर्वी जिथे मांसाला धुरी द्यायचे त्या इमारतीत फर्गस हेंडरसन यांनी १९९४ मध्ये दोन भागीदारांबरोबर ते सुरू केलं. पांढऱ्या भिंती, संगीत नाही, सजावट नाही. भाजलेली हाडं, पार्स्लीचं सॅलड, टोस्ट, बाजूला जाडं मीठ, एवढंच ताटात. जगभरचे शेफ या ताटावर जीव टाकतात, कारण सॉसखाली लपवायला तिथे जागाच नाही. स्पेनच्या बास्क भागातल्या आशपे या छोट्या गावात असादोर एचेबारी आहे, तिथलीही तीच गोष्ट. व्हिक्टर अर्गिन्झोनिझ लाकडाचा निखारा स्वतः तयार करतात, जाळ्या खालीवर करायला त्यांच्याकडे चाकं लावलेली आहेत, आणि कोळंबीला कुठला निखारा, किती अंतरावर, किती वेळ हे सगळं ठरलेलं. २०२४ आणि २०२५ मध्ये फिफ्टी बेस्टमध्ये हे रेस्टॉरंट दुसरं आलं. इथे यादी आणि शेफमंडळींची खासगी आवड जुळते, आणि मला तरी ते बरोबर वाटतं. साधं करायला किती त्रास पडतो हे करणाऱ्यालाच कळतं.

पण म्हणून त्यांची आवड ती आपली आवड, हे काही मला पटत नाही. दिवसात पन्नास वेळा सॉस चाखून जीभ दमलेली असते. मग तिला काहीतरी कुरकुरीत, खारट, आंबट, कडू हवं असतं. म्हणून फ्राइड चिकनबरोबर शँपेन ही जोडी वाइनवाल्यांची इतकी लाडकी. म्हणूनच पाहुण्यांना दिवसभर कॅबर्नेसारखी दमदार रेड वाइन विकणारा सोमेलिए स्वतः रिझलिंगसारखी आंबटसर व्हाइट वाइन नाहीतर स्पेनची शेरी पीत बसतो. वर्षातून चार वेळा बाहेर जेवणाऱ्या माणसाने त्यांचं ऐकून आतड्या-काळजाचे पदार्थ आणि गढूळ दिसणारी नॅचरल वाइन (जवळजवळ काहीही न मिसळता केलेली) मागवली, तर 'यात लोकांना आवडतं काय?' असंच तो म्हणणार. त्यात त्याची जीभ कमी पडली असं काही नसतं.

वाइनच्या बाबतीत तर पुरस्कारांपेक्षा या लोकांचं ऐकावं. 'वाइन स्पेक्टेटर' मासिक चांगल्या वाइन लिस्टसाठी रेस्टॉरंटना पुरस्कार देतं, अर्जाबरोबर शुल्क भरावं लागतं. २००८ मध्ये रॉबिन गोल्डस्टीन या लेखकाने मिलानमधल्या अस्तित्वातच नसलेल्या रेस्टॉरंटच्या नावाने अर्ज केला. त्या बनावट रेस्टॉरंटच्या खास वाइनच्या यादीत त्याच मासिकाने पूर्वी अत्यंत कमी गुण दिलेल्या इटालियन वाइन मुद्दाम घातल्या. पुरस्कार मिळाला! मला हा किस्सा फार आवडतो.

व्यावसायिक काय बघतात ते ओळखीतल्या एका सोमेलिएबरोबर जेवताना मी पाहिलं. वाइन येण्याआधी त्याने रिकामा ग्लास नाकाशी नेला. कपाटाचा किंवा साबणाचा वास आला तर ग्लास बदलून मागायचा. मग ग्लासने मिळणाऱ्या वाइनची बाटली कधी उघडली ते विचारलं. वेटरने न गोंधळता 'काल संध्याकाळी' असं सांगितलं, तेव्हा स्वारी खूश. लिस्ट त्याने शेवटून वाचली, महागड्या पानांकडे ढुंकूनही न बघता.

त्याचं गणितही ऐकण्यासारखं आहे. रेस्टॉरंटमध्ये बाटली साधारण खरेदीच्या तिप्पट किमतीला लागते, आणि एका ग्लासच्या पैशातच बऱ्याचदा अख्ख्या बाटलीची खरेदी वसूल होते. म्हणून ही मंडळी असं ठिकाण शोधतात जिथे मालकाने वाइन फार पूर्वी घेऊन ठेवली आणि नंतर बाजाराबरोबर भाव वाढवत नेला नाही. फ्लोरिडात टँपाचं बर्न्स स्टेक हाउस यासाठीच वाइनवाल्यांच्या तोंडी असतं. १९५६ पासूनचं, पाच लाखांहून जास्त बाटल्यांचा साठा. स्टेकसाठीही लोक जातातच म्हणा.

हॉटेलांबद्दल थोडक्यात, कारण तिथे व्यावसायिकांच्या मागण्या अगदीच अरसिक असतात. खोलीत शांतता, अंधार करणारे पडदे, उशिरा आलं तरी काहीतरी खायला, आणि रात्रीच्या जेवणापासून पलंगापर्यंत चालत जाता येईल असं अंतर. शँपेनच्या प्रदेशात आविझ गावी सेलोस या नामांकित उत्पादक कुटुंबाने सुरू केलेलं लेझाविझे हे मोजक्या खोल्यांचं हॉटेल वाइनवाल्यांना का आवडावं? खाली जेवण, वर खोली, द्राक्षमळे जवळच. गाडी चालवायचा प्रश्नच नाही. २०२३ मध्ये फिफ्टी बेस्टवाल्यांनी हॉटेलांचीही यादी सुरू केली आणि पहिला नंबर कोमो सरोवरावरच्या पासालाकुआला दिला. सुंदरच आहे ते, पण मध्यरात्री चिकनचा वास अंगावर घेऊन सुटलेला शेफ तिथे जाऊन झोपत असेल असं मला तरी वाटत नाही.

या लाइनमध्ये काम करणारे कुणी हे वाचत असतील तर कमेंटमध्ये ठिकाणांची नावं लिहाच. आणि जमलं तर हेही सांगा, की तिथे गेल्यावर तुम्ही कुठला पदार्थ चुकूनही मागवत नाही, आणि का.