एबीएसचा फ्यूज काढा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पाऊस सुरू झाला की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो. या वेळी तो कासारवडवलीला राहणाऱ्या माझ्या आतेभावापर्यंत पोचला आणि त्याने खरोखरच गाडीच्या एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊन घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) फ्यूज उपटून कप्प्यात टाकला. त्याच गाडीतून वहिनी रोज मुलीला घोडबंदर रोडने शाळेत सोडते. ठाण्यात गाड्यांच्या वायरिंगचं आणि सेन्सरचं काम करून मी पोट भरतो. त्यामुळे हे ऐकून गप्प बसवलं नाही.

मेसेज म्हणतो: सिग्नलला गाडी थांबत आली असताना पेडल पायाखाली थरथरतं, कर्रकर्र आवाज येतो आणि गाडी हातभर पुढे सरकते, तर समजा की (१) एबीएसचं मॉड्यूल (कंट्रोल युनिट) गेलं, साठ हजारांना फटका. (२) डॅशबोर्डवर दिवा लागला नाही, म्हणजे सेन्सर ठीक आहेत. (३) एबीएसचा फ्यूज काढून टाका, गाडी उलट लवकर थांबते. (४) बॅटरीची वायर अर्धा तास काढून ठेवा. (५) ब्रेक ऑइल भरा आणि ब्रेक पंप करत दाबा.

आधी तिसरा मुद्दा घेतो, कारण माणूस मरेल तो यानेच.

फ्यूज काढल्यावर थरथर थांबते, हे खरं आहे. म्हणूनच लोकांचा विश्वास बसतो. पण त्या फ्यूजबरोबर काय काय जातं ते मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नाही. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो आणि मागची चाकं हलकी होतात. त्यांच्यावर गरजेपेक्षा जास्त दाब गेला तर ती पुढच्यांच्या आधी लॉक होतात, म्हणजे फिरायची थांबून घसरतात, आणि मागची आधी लॉक झाली की गाडी मागून फिरते. पूर्वी हा दाब आवरायला वेगळा व्हॉल्व्ह असायचा. आताच्या बहुतेक गाड्यांत ते काम ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा दाब वाटणारी यंत्रणा) करतं आणि ते एबीएसच्याच युनिटमध्ये बसलेलं असतं. फ्यूज काढलात, दोन्ही गेलं. ईएससी (गाडी घसरून फिरू नये म्हणून सावरणारी यंत्रणा) असेल तर तेही गेलं. आता घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या उतारावर, भर पावसात, पुढच्या ट्रेलरने अचानक ब्रेक मारला असं समजा. चाकं लॉक झालेली गाडी स्टिअरिंग फिरवूनही वळत नाही. एप्रिल २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं झालं ते याचसाठी.

'लवकर थांबते' यात अर्धं सत्य आहे, तेही सांगतो. सुट्या खडीवर लॉक झालेलं चाक पुढ्यात खडी साठवतं, त्यामुळे तिथे एबीएसवाल्या गाडीला थांबायला जास्त अंतर लागू शकतं. पण घोडबंदर रोड, ठाणे-बेलापूर रोड, पाम बीच हे ओल्या डांबराचे आणि काँक्रीटचे रस्ते आहेत. आणि हो, मोकळ्या जागेत, अगदी हळू, क्षणभर फ्यूज काढून 'थरथर एबीएसचीच आहे का' हे मेकॅनिकही बघतो. बघून झालं की तो फ्यूज परत लावतो. तपासायच्या युक्तीला या मेसेजने इलाज करून टाकलं आहे.

आता दुसरा मुद्दा. खरा घोळ इथे आहे.

प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो आणि चाकाबरोबर फिरणारी दातेरी किंवा चुंबकी रिंग असते. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये चाक जितकं हळू फिरेल तितका सिग्नल क्षीण होतो. सेन्सर आणि रिंग यांच्यातली फट गंजामुळे जरा वाढली, की वेगात काही जाणवत नाही, पण गाडी थांबत आली की त्या एका चाकाचा सिग्नल बाकीच्यांच्या आधी शून्य होतो. कंट्रोलरला वाटतं चाक लॉक झालं, आणि तो त्या चाकाचा ब्रेक सोडतो. तो आपल्या समजुतीप्रमाणे बरोबर काम करतोय, म्हणून बऱ्याचदा दिवाही लागत नाही.

हे माझ्या मनाचं नाही. २००५ साली जनरल मोटर्सने अमेरिकेत सुमारे आठ लाख पिकअप आणि एसयूव्ही याच दोषासाठी परत बोलावल्या. पुढच्या हबवर (चाक ज्यावर बसतं त्या भागावर) सेन्सर बसतो तिथे गंज धरत होता आणि ताशी साधारण ६ ते १६ किलोमीटर वेगात ब्रेक दाबला की एबीएस विनाकारण चालू व्हायचं, थांबायचं अंतर वाढायचं. त्या गाड्या बर्फाच्या राज्यांतल्या होत्या, रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्या. आपल्याकडे मीठ टाकत नाहीत. पण खाडीची खारी हवा आहे, आणि पावसाळ्यात स्टिल्ट पार्किंगमध्ये हबपर्यंत पाणी चढतं ते आपण सगळेच बघतो.

नव्या गाड्यांतले सेन्सर अगदी कमी वेगातही वाचतात. तरी रिंगला तडा गेला, बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) आला, सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा चुरा चिकटला किंवा वायर आतून तुटत आली, की त्यांचाही सिग्नल मध्येच गळतो. बेअरिंग बदलताना चुंबकी बाजू उलटी बसवली तर सिग्नलच येत नाही.

म्हणजे पहिला मुद्दा आपोआप पडला. मॉड्यूल बिघडू शकतं, पण संशय घ्यायचा तो सगळ्यात शेवटी. चौथ्याबद्दल एवढंच की मेमरीत बिघाडाचा कोडच नसेल तर बॅटरी काढून पुसणार काय? पाचव्यातलं ब्रेक ऑइल कमी असेल तर पॅड झिजलेत की कुठे गळतंय ते आधी बघा. आणि एबीएसच्या गाडीत अडीअडचणीला ब्रेक पंप करत नाहीत, घट्ट दाबून धरतात.

आतेभावाला फोनवर सांगितलं तेच इथे लिहितो. फ्यूज आजच परत लावा, तेवढ्याच अँपिअरचा. बऱ्याच गाड्यांत पंपाचा आणि व्हॉल्व्हचा फ्यूज वेगळा असतो, दोन्ही बघा. दुरुस्ती होईपर्यंत गाडी शक्यतो काढू नका. काढावीच लागली तर हळू चालवा आणि पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा बरंच जास्त अंतर ठेवा. थरथर फक्त जास्त वेगातून ब्रेक मारताना येत असेल आणि कर्रकर्र आवाज नसेल, तर आधी ब्रेकची डिस्क तपासून घ्या.

गॅरेजमध्ये 'कोड आहे का' एवढंच विचारून परतू नका. गाडी स्कॅनरला लावून लाइव्ह डेटामध्ये चारही चाकांचे वेग एकत्र बघायला सांगा. मोकळ्या रस्त्यावर वीसच्या वेगातून हळूहळू शून्यावर यायचं, एकाने चालवायची आणि दुसऱ्याने स्क्रीन बघायचा. जे चाक इतरांच्या आधी शून्यावर पडेल ते धरा. त्याचा सेन्सर काढा, बसायची जागा गंज खरवडून साफ करा, रिंग पूर्ण फिरवून तडा बघा, चाक हलवून प्ले बघा. सेन्सर बदलावा लागला तरी मॉड्यूलच्या मानाने तो किरकोळ खर्च आहे. काम झाल्यावर तीच चाचणी पुन्हा घ्यायला लावा, आणि चारही आकडे बरोबरीने शून्यावर आल्याशिवाय पैसे देऊ नका.