साडेचारशे ओहम

जर्मनीत पहिली रेल्वे धावली 1835 साली. ओहमसाहेबांनी आपला विजेचा नियम (व्होल्टला प्रवाहाच्या अँपिअरने भागलं की अडथळ्याचे ओहम) मात्र 1827 सालीच छापून टाकला होता. गाडीचा पत्ता नाही, पण गाडीच्या दिव्याचं गणित तयार! त्याची फळं आम्ही फोंड्यात, ऐन चवथीच्या तोंडावर भोगतो.

आमच्याकडे मखराभोवती 1:87 मापाची आगगाडी फिरते. आरतीला जमलेली पोरं टाळ्या तिच्याच तालावर वाजवतात. यंदा इंजिनाला पुढे एक पांढरा एलईडी लावायचा, एवढाच संकल्प. दिवा तांदळाच्या दाण्याएवढा.

गणित सोपं. रुळावर 12 व्होल्ट, पांढरा एलईडी त्यातले 3 घेतो, उरलेले 9 रेझिस्टरने, म्हणजे वीज अडवणाऱ्या इवल्याशा तुकड्याने, गिळायचे. प्रवाह 20 मिलिअँपिअर, म्हणजे 0.02 अँपिअर, धरला की उत्तर 450 ओहम. वही मिटली, हेल्मेट चढवलं, बाजार गाठला.

"पात्रांव, 390 आसा, 470 आसा. 450 येना."

येना म्हणजे येना. रेझिस्टर ठरावीक आकड्यांतच बनतात, तुमच्या वहीला विचारून नव्हे. त्यातून अंगावर सोनेरी पट्टा म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे. 470 च्या पुडीतलाच एखादा गुपचूप 450 असणार! तो हुडकायला ओहम मोजणारा मल्टिमीटर मागणार, तोच एक वाजला. आणि गोव्यात दुपारी एकला खाली येणारं शटर कुठल्याही ओहमचा रेझिस्टर अडवू शकत नाही. मिळतील ती चार पाकिटं घेऊन निघालो.

घरी आल्यावर पाकिटं पोरांच्या हाती लागली आणि सगळे रेझिस्टर एकमेकांत मिसळले. आता ओळखायचे ते अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून. पिवळा-जांभळा-तपकिरी म्हणजे 470. तिसरा पट्टा लाल असला तर 4.7 के (के म्हणजे हजार), नारिंगी असला तर 47 के. ट्यूबलाइटखाली त्यातला एक बायकोला दाखवला. "हा ना? विटकरी," ती म्हणाली. साड्यांच्या दुकानात ही नजर सोन्याच्या मोलाची. रेझिस्टरच्या तक्त्यात विटकरीला जागाच नाही.

अखेर मल्टिमीटरवर मोजून 470 चा लावला. दिवा पेटला तो असा, की इंजिनाचं प्लॅस्टिक आतून लालबुंद झालं आणि शेजारच्या मावशी ओरडल्या, "इंजिनाक उजो लागलो रे!" वहीतलं उत्तर दिवा जळू नये म्हणून असतं, दिसायला बरा दिसावा म्हणून नव्हे. आजकालच्या एलईडीला एक मिलिअँपिअरही पुष्कळ होतो. 1 के, 4.7 के करत 10 के वर आलो, तेव्हा कुठे तो हेडलाइटसारखा दिसला.

तोही गाडी भरधाव असेल तरच. कारण रुळावर 12 व्होल्ट येतात ते पूर्ण वेगात. हळू केली की दिवा मंद, स्टेशनात थांबली की गुल. आणि भरधाव सोडली की वळणावर गाडी थेट मोदकांच्या ताटात.

भाच्याने तोडगा काढला, "मामा, डब्यात 9 व्होल्टची बॅटरी ठेवूया, रुळाचा संबंधच नको." पोरगं हुशार आहे. 9 वजा 3, उरले 6. एक मिलिअँपिअर धरला तर 6 हजार ओहम. दुकान तीनला उघडल्या उघडल्या फोन लावला.

"पात्रांव, 5.6 के आसा, 6.8 के आसा..."