भुतं परवडली, पण सिनेमा निवडणं नको

काल रात्री सव्वासातला आम्ही सिनेमा ठरवायला बसलो. पावणेदहाला धाकटी सोफ्यावर आडवी झाली, अंगात चेटकिणीचा झगा तसाच, मुठीत अर्धवट सोललेलं चॉकलेट. सिनेमा ठरलेला नव्हता. अडीच तास! अडीच तासांत एक अख्खा सिनेमा मध्यंतरासकट बघून होतो. आम्ही फक्त पोस्टरं बघितली.

हे दरवर्षीचं आहे म्हणून माझं डोकं फिरलंय. आम्ही राहतो न्यू जर्सीत, एडिसनला. ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनला, मुलं भुताखेतांचे पोशाख घालून दारोदार गोळ्या मागत ‘ट्रिक ऑर ट्रीट’ करून दमून घरी येतात, गालिच्यावर गोळ्या-चॉकलेटांचे ढीग लावून सौदेबाजी सुरू होते, दाराबाहेरचा कोरलेला भोपळा तोवर खारींनी निम्मा संपवलेला असतो. मग सगळ्यांनी मिळून एक भुताचा सिनेमा बघायचा, एवढीच माझी अपेक्षा. सगळ्यांनी मिळून. इथेच मी माती खाते. कारण थोरली चौदाची, मधला दहाचा, धाकटी सहाची, नवऱ्याचं वय अशा बाबतीत बारा, आणि यंदा पुण्याहून सासूबाई आलेल्या. त्यांचं पहिलं वाक्य, "दिवेलागणीला भुतं कशाला बघायची? काहीतरी हसरं लावा."

"अगं, याद्या असतात की," नवरा म्हणाला. असतात. दर ऑक्टोबरला याद्यांचं पीक येतं. ‘चिमुकल्यांपासून थरकाप उडवणाऱ्यांपर्यंत’. या याद्या करणाऱ्यांच्या घरी मुलं असतात का हो? पहिले पाच सिनेमे लंगोटातल्या बाळांसाठी. शेवटचे पाच बघितले तर धडधाकट माणसाला दिवा लावून झोपावं लागेल. आणि मध्ये? मध्ये खड्डा. ‘हॉटेल ट्रान्सिल्वेनिया’ची पायरी उतरलात की पुढचा पाय थेट ‘द एक्झॉर्सिस्ट’वर. त्या खड्ड्यात माझा दहा वर्षांचा मुलगा उभा आहे. त्याला ‘बाळांचं’ बघायचं नाही, शाळेत हसतात. ‘मोठ्यांचं’ बघितलं की रात्री दोन वाजता माझ्या पांघरुणात. त्याच्या मापाचा सिनेमा सांगा की! तो सांगायचा सोडून हे मला सांगतात की सहा वर्षांच्या मुलीला कार्टूनमधला चार्ली ब्राऊन आवडेल. एवढं मलाही कळतं. १९६६ सालचा तो पंचवीस मिनिटांचा भोपळ्याचा कार्यक्रम कित्येक दशकं दर ऑक्टोबरला टीव्हीवर फुकट लागायचा. २०२० साली तो एका स्ट्रीमिंग कंपनीने घेतला. आमच्याकडे चार कंपन्यांची वर्गणी आहे. तो पाचवीकडे आहे.

यादी नाही तर नाही, निदान सिनेमा कोणत्या वयासाठी हे सांगणाऱ्या शिक्क्यावर तरी विसंबून राहावं म्हटलं. पीजी! पॅरेंटल गायडन्स! म्हणजे आईबापांनी बघून ठरवावं! या दोन अक्षरांचा मला जितका राग आहे तितका दुसऱ्या कशाचाच नाही.

जरा सविस्तरच सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. अमेरिकेत हे शिक्के १९६८ पासून आहेत. त्यात बरीच वर्षं ‘पीजी’ आणि ‘आर’, म्हणजे मोठ्यांचा, यांच्या मधलं असं काही नव्हतंच. १९८४ च्या उन्हाळ्यात ‘ग्रेमलिन्स’ आणि इंडियाना जोन्सचा दुसरा सिनेमा लागोपाठ आले. दोन्हींवर पीजी. एकात लोभस दिसणाऱ्या प्राण्याची पिल्लावळ मिक्सरमध्ये भरडली जाते, दुसऱ्यात माणसाच्या छातीत हात घालून हृदय बाहेर काढतात. पोरांना घेऊन गेलेल्या आयाबापांनी बोंब ठोकली, तेव्हा कुठे त्याच जुलैमध्ये ‘पीजी-१३’ जन्माला आलं. छान झालं. पण त्याआधीचे सिनेमे? त्यांच्यावर जो शिक्का होता तो आजही तसाच! १९८२ च्या ‘पोल्टरगाइस्ट’मध्ये एक माणूस आरशासमोर उभा राहून स्वतःच्या चेहऱ्याचं मांस ओरबाडून काढतो, विदूषकाची बाहुली पोराला पलंगाखाली ओढते. शिक्का पीजी. २०१२ च्या ‘हॉटेल ट्रान्सिल्वेनिया’त ड्रॅक्युला हॉटेल चालवतो आणि मुलीची काळजी करतो. शिक्का पीजी. टीव्हीच्या पडद्यावर दोघं शेजारी शेजारी, सारख्याच अक्षरांत. याला गायडन्स म्हणतात? किराणा दुकानात साखर आणि तुरटी एकाच बरणीत ठेवून वर ‘पांढरं’ असं लिहिल्यासारखं आहे हे.

आणि भीती त्यांना मोजता येत नाही असंही नाही. २०१३ च्या ‘द कॉन्ज्युरिंग’मध्ये ना फारसं रक्त ना शिवीगाळ, तरी तो इतका घाबरवतो म्हणून त्याला ‘आर’ दिला. म्हणजे कळतं! मग ‘कोरलाइन’ला पीजी कसा दिला, याचं उत्तर मला कोणीतरी द्या.

कोरलाइनचं आमच्या घरातलं प्रकरण असं. मधला तेव्हा आठचा. मी भाबडेपणाने पीजी वाचलं, पोस्टरवर निळ्या केसांची गोड मुलगी बघितली आणि लावला. सिनेमा वाईट नाही, उलट इतका देखणा आहे की मी स्वतः डोळे फाडून बघत होते. एकेका चौकटीसाठी हाताने हलवलेल्या बाहुल्या, बागेतली ती फुलं. पण त्यात एक ‘दुसरी आई’ आहे, खऱ्या आईहून प्रेमळ, चांगलंचुंगलं खायला घालणारी, आणि तिच्या डोळ्यांच्या जागी काळी बटणं शिवलेली आहेत. ती पोरीला म्हणते, तूही डोळ्यांच्या जागी बटणं शिवून घे, मग कायमची इथेच राहा. एवढं झालं आणि मधला उठून माझ्या डोळ्यांकडे बघायला लागला. नीट. जवळून. त्यानंतरचे सहा आठवडे या पोराने बटणाचा एक कपडा अंगाला लावून घेतला नाही. नोव्हेंबर महिना, बाहेर थंडी, आणि कोटाला चार मोठी काळी बटणं. शेवटी झिपचं जाकीट घ्यावं लागलं. माझा बटणांचा डबा अजून गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे आहे. रक्ताचा एक थेंब नाही, शिवी नाही, मारामारी नाही. फक्त आई आईसारखी नाही. लहान पोराला याहून भयंकर काय असतं? पण शिक्का देणाऱ्यांच्या वहीत हा रकानाच नाही. बाजूला बारीक अक्षरांत ‘थीमॅटिक एलिमेंट्स’ वगैरे लिहितात, ते वाचून कोणत्या आईला बटणं डोळ्यांसमोर येतील?

ओळखीच्यांना विचारून पाहिलं. व्हॉट्सॲपवर विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं: "आमच्याने तर सातव्या वर्षीच सगळं बघितलं, काही झालं नाही." बरं. लागोपाठ दुसरी: "एवढं घाबरवायचंच कशाला मुलांना?" बरं. माझा प्रश्न होता की काय लावू.

तर काल. पहिला प्रस्ताव ‘होकस पोकस’. यावर कोणाचा आक्षेप नसतो म्हणून तो दरवर्षी लागतो, आणि दरवर्षी मला घाम फुटतो. सेलम गावातल्या तीन चेटकिणी, त्यांतली एक बेट मिडलर, मजा आहे. पण सुरुवातीलाच एका लहान मुलीचा जीव शोषून घेतात आणि तिच्या भावाचं मांजर करून टाकतात. शिवाय ज्या मेणबत्तीने चेटकिणी परत येतात ती ‘व्हर्जिन’नेच पेटवायची असते, आणि हा शब्द सिनेमाभर चेष्टेचा विषय. गेल्या वर्षी धाकटीने विचारलं, आई, व्हर्जिन म्हणजे काय? मी पाणी प्यायला उठले. तीच पुढे म्हणाली, "ऑलिव्ह ऑइल असतं तसं?" हो बाळा, तसंच. थोरली उशीत तोंड खुपसून पाच मिनिटं हसत होती. या वर्षी सासूबाई समोर, त्यामुळे तो बाद.

थोरलीने मग ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’ सुचवला. शहाणं पोरगं. ७६ मिनिटांचा, सांगाड्यांचा, गाण्यांचा, धाकटीलाही पचणारा. मी रिमोट उचलला आणि मधला म्हणाला, "पण तो ख्रिसमसचा आहे. आज हॅलोविन आहे." संपलं. पुढची चाळीस मिनिटं, मी खरंच घड्याळ लावून बघितली, हा सिनेमा नक्की कोणत्या सणाचा यावर वाद. गावाचं नाव हॅलोविन टाउन, विरुद्ध, नावातच ख्रिसमस. प्रदर्शित झाला ऑक्टोबर १९९३ मध्ये, असं थोरलीने फोनवर शोधून फेकलं. मग मधल्याने शोधलं की ‘होकस पोकस’ त्याच वर्षी जुलैमध्ये आला होता, मग तो काय चार जुलैचा, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा सिनेमा? वकील व्हायचं असेल तर हो बाबा, पण आज नको.

या गदारोळात रिमोट नवऱ्याच्या हाती गेला. त्याला दरवर्षी एकच सिनेमा बघायचा असतो, जॉन कार्पेंटरचा ‘हॅलोविन’. आणि त्याबरोबर त्याचं व्याख्यान. त्यातल्या खुन्याचा मुखवटा हा मुळात स्टार ट्रेक मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा, पांढरा रंगवलेला. चित्रण कॅलिफोर्नियात, तेही वसंतात, म्हणून पानगळीची पानं रंगवून टाकायचे आणि शॉट झाला की गोळा करून ठेवायचे. गोष्टीतलं हॅडनफील्ड इलिनॉयमधलं, पण नाव आपल्या न्यू जर्सीच्या हॅडनफील्डचं, कारण सहलेखिका डेब्रा हिल तिथली. "तासाभराच्या रस्त्यावर आहे, एकदा जाऊन येऊ." ऐकलं, दहादा ऐकलं. प्रश्न असा की ‘हॅलोविन’ याच नावाचे सिनेमे तीन आहेत! १९७८ चा, २००७ चा आणि २०१८ चा. आकडा नाही, शेपूट नाही, तिघांचंही नाव नुसतं ‘हॅलोविन’. २०१८ चा हा १९७८ चा पुढचा भाग, मधले सगळे भाग झालेच नाहीत असं धरायचं. आणि जुन्या मालिकेतल्या तिसऱ्या भागात तो मुखवटेवाला खुनी मायकेल मायर्स पात्र म्हणून नाहीच. हे लोक शुद्धीवर असतात का?

"फक्त पाच मिनिटं, मुलांना सुरुवात दाखवतो, त्यात काही नाही," असं म्हणून यांनी दाबला २००७ चा. स्वयंपाकघरात नाश्त्याचं टेबल, आणि त्या घरातल्यांनी एकमेकांना ज्या शिव्या सुरू केल्या! मी रिमोट हिसकावेपर्यंत जे कानावर पडायचं ते पडलं. खोलीत शांतता. सासूबाई म्हणाल्या, "सकाळी सकाळी एवढं काय झालं यांच्याकडे?"

पडदा परत पोस्टरांवर आला. ही आणखी एक पीडा. आपण एका पोस्टरवर दोन सेकंद थांबलो की ट्रेलर आपोआप सुरू होतो, आवाजासकट. मी विचार करायला थांबलेय, बाई, विकत घ्यायला नाही! धाकटीला झोपताना नको म्हणून जे जे टाळायचं ते सगळं तिने फुकटात, तुकड्यातुकड्यांत बघून घेतलं. सिनेमा लावला असता तर निदान शेवटी भूत मेलेलं तरी दिसलं असतं.

नऊच्या सुमारास सासूबाईंनी तोडगा काढला. "आपला ‘झपाटलेला’ लाव. हसरा आहे." आता बोला. एका मरणाऱ्या गुंडाचा आत्मा मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो, तो बाहुला माणसांच्या मागे लागतो, आणि हा हसरा! १९९३ मध्ये मी आठ वर्षांची होते. मला कोणी वय विचारलं नव्हतं, शिक्का दाखवला नव्हता. लक्ष्याला हसले आणि तात्या विंचू दिसला की काकूच्या पदरात तोंड. घरी आल्यावर माझी बाहुली वर्षभर गॅलरीत झोपली. पण खरं सांगू, काल एवढ्या वेळात पहिल्यांदा मलाच काहीतरी बघावंसं वाटलं. शोधून चित्र पडद्यावर आणलं. थोरली म्हणाली, "आई, हा तर चकी आहे." आहेच, चकी बाहुल्याचा ‘चाइल्ड्स प्ले’ पाच वर्षं आधीचा, ते काय लपलंय? पण रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्याच्या डोळ्यांत जे आहे ते आहे. धाकटीने ते डोळे एकदाच पाहिले आणि आजीच्या पाठीमागे गेली. तिथून हलेना. आजी म्हणते, "अगं, गंमत आहे, गंमत." धाकटी म्हणते, "बंद कर."

बंद केला. नऊ वीस झाले होते. पुढची पंचवीस मिनिटं नुसतंच वर-खाली, वर-खाली. थोरली कधी उठून खोलीत गेली कळलंच नाही. वर ती फोनवर काय बघत होती तेही मला माहीत आहे, आणि त्यावर ‘आर’ होता हेही. धाकटी झोपली. सासूबाईंनी स्तोत्र लावलं.

आज सकाळी चहाचा पहिला घोट घेतेय तोवर मधला जिन्यावरून खाली आला. टीव्हीच्या पडद्यावर रातोरात भुतं जाऊन बर्फ पडायला लागलेलं, लाल टोप्या, घंटा. तो म्हणाला, "आई, आज एक नोव्हेंबर ना? मग आता तो सांगाड्यांचा बघू या. तो ख्रिसमसचाच आहे."

त्याच्या गोळ्यांची पिशवी सध्या फ्रिजच्या वर आहे.