शेवटचा धक्का आपला

येत्या चतुर्थीला मूळ घरी जाताना व्हिडिओ गेमचा कन्सोल, कंट्रोलर आणि नियम या तिन्ही गोष्टी तुम्हीच घेऊन जा. पहिल्या दोन विसरलात तरी चालेल, डिचोलीचा आतेभाऊ आणेल. नियम मात्र त्याला आणू देऊ नका. आरत्या झाल्या, मोठी माणसं पत्ते घेऊन बसली, पोरं टीव्हीसमोर सरकली की शांतपणे सेटिंग उघडा. कोण किती चांगला खेळतो याची चर्चा इतरांना करू द्या. गुण कशाला मिळणार एवढं तुम्ही ठरवा आणि मग ‘लहानांपासून थोरांपर्यंत सगळ्यांना नियम सारखाच’ असं मोठ्याने म्हणा. त्या वाक्याला अजून कुणी विरोध केलेला ऐकिवात नाही.

‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ लावणार असाल, आणि चौघांना एकमेकांना बडवायचं म्हटलं की तोच लागतो, तर टाइम मोड निवडा, म्हणजे ठरावीक वेळेत ज्याचे गुण जास्त तो जिंकला. हिशेब सरळ आहे. एखाद्याला मंचाबाहेर फेकलं की एक गुण, स्वतः पडलात की एक गुण वजा. यात उरलेली ताकद दाखवणारी पट्टी, म्हणजे लाइफ-बार, नाही. मार खाल तसे अंगावरचे टक्के वाढतात आणि टक्के वाढतील तसं माणूस लांब उडतो. आता नीट लक्ष द्या. गुण मिळतो तो शेवटचा फटका मारणाऱ्याला. वाळपईचा चुलतभाऊ बिचारा अर्धा मिनिट खपून कुणाला तरी दीडशे टक्क्यांपर्यंत आणेल. तोवर तुम्ही कोपऱ्यात उभे राहून नेवरी खा. दीडशे झाले की पुढे व्हा आणि एकच सणसणीत द्या. पडणाऱ्याचा एक गेला, तुमचा एक आला, चुलतभावाच्या खात्यात शून्य. मेहनतीचा रकानाच त्या खेळाच्या हिशेबात नाही, त्याला तुम्ही काय करणार?

तो ओरडेल. ओरडू दे. ‘टायमिंग लागतं, पात्रांव’ एवढंच म्हणायचं. पुढच्याच डावात त्याने तुमच्यावर हाच प्रयोग केला तर मात्र कंट्रोलर खाली ठेवून ही उघड चोरी आहे असं सांगा, आणि आजीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगा.

मरण अटळ दिसलं तर थोडं अर्थशास्त्र वापरा. अलीकडे कुणाचा हात लागलेला नसेल, तर खुशाल स्वतःच दरीत उडी घ्या. तुमचा एक गुण तसाही जाणार होता, पण आता तो कुणाला मिळणार नाही. शेजाऱ्याला मिळण्यापेक्षा वाया गेलेला बरा, हे तत्त्व जमिनीच्या वाटणीत पिढ्यान्‌पिढ्या पाळलंय आपण, खेळात का लाजायचं? बाकी याच मालिकेतल्या २००१ च्या ‘मेली’त अशा उडीला किती गुण कापायचे हेसुद्धा सेटिंगमध्ये ठरवता येतं. ते सेटिंग सतत कोण पडतंय हे पाहून ठरवावं. चालू गुण पडद्यावर दाखवणंही बंद ठेवा. आपण हरतोय हे लोकांना शेवटी कळलं तर मधे कुरकुर होत नाही.

बरोबरी झाली तर सडन डेथ. प्रत्येक जण तीनशे टक्क्यांवर उभा, पहिला बऱ्यापैकी फटका बसला तो गेला, आणि निर्णय लांबला तर वरून बाँब पडू लागतात. सबंध डावाचं कसब बाँबच्या हवाली करण्याची ही पद्धत न्याय्य आहे का, असं कुणी विचारलं तर ‘हो’ म्हणा. विचारणारा हरलेला असतो.

टाइमचा कंटाळा आला तर स्टॉक. प्रत्येकाला ठरावीक जीव, संपले की बाहेर. इथे काहीच करू नका. दोन जबरदस्त खेळाडू एकमेकांना संपवतील आणि आयुष्यात एकही फटका न मारता तुम्ही उपविजेते व्हाल. सगळ्यात कच्चा पोरगा पहिल्यांदा बाद होतो आणि सगळ्यात जास्त वेळ नुसता बसून राहतो, म्हणजे ज्याला सरावाची गरज त्यालाच सराव नाही. याचं वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या चतुर्थीलाही तो कच्चाच हवा आहे.

दोघांचा सामना असेल तर घड्याळाशी मैत्री करा. ‘स्ट्रीट फायटर टू’पासून, म्हणजे १९९१ पासून, ९९ वरून उतरणारं ते घड्याळ शून्यावर आलं की ज्याची ताकद जास्त शिल्लक तो जिंकतो. एक गुद्दा मारा आणि उरलेला वेळ पळा. स्मॅशच्याच ‘ब्रॉल’मध्ये मेटा नाइट नावाचं पात्र घेऊन लोक मंचाच्या काठाला लटकायचे, सुटायचे, पुन्हा लटकायचे. शेवटी स्पर्धा भरवणाऱ्यांना काठ किती वेळा धरायचा याची मर्यादा घालावी लागली. वेळ संपेपर्यंत खेचलं आणि मर्यादा ओलांडली असेल तर पराभव. लढाई सोडून लटकणं मोजत बसलेले पंच डोळ्यांसमोर आणा. तुम्हाला नियमाविरुद्ध खेळायचं नाहीच, नियमाला स्वतःची लाज वाटेपर्यंत त्याच्या आतच राहायचं आहे.

संघ करून खेळणार असाल तर परक्या गुरूची गरज नाही, पर्वरीकडे, म्हणजे आपल्या गोव्याच्या विधानसभेकडे, पाहा. २०१७ मध्ये ४० पैकी १७ जागा मिळालेला पक्ष विरोधी बाकांवर बसला आणि १३ वाल्याने इतरांना घेऊन सरकार केलं, कारण पहिल्या नंबराला तिथे बक्षीसच नव्हतं, बहुमताला होतं. १७ वाले बहुधा चुकीच्या मोडमध्ये खेळत होते. २०१९ मध्ये त्याच १७ वाल्या पक्षाच्या तेव्हा उरलेल्या १५ पैकी १० आमदार एकदम पलीकडे गेले, २०२२ मध्ये ११ पैकी ८. हे आकडे उगाच आलेले नाहीत. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदीच्या नियमाप्रमाणे, दोन तृतीयांश सदस्य विलीन व्हायला राजी असले की ते पक्षांतर धरत नाहीत. पंधराचे दोन तृतीयांश नेमके दहा. अकराचे सात आणि वर थोडे, म्हणून आठ. तेव्हा तुमच्या तिघांच्या संघातून जायचं तर दोघांनी मिळून जा. एकटे गेलात तर गद्दार, दोघे गेलात तर विलीनीकरण, आणि मागे उरला तो आडमुठा.

परीक्षक नेमायचा मोह झाला तर त्यालाही आधार आहे. १९९९ च्या ‘स्ट्रीट फायटर थ्री: थर्ड स्ट्राइक’मध्ये शेवटची फेरीही बरोबरीत सुटली तर तीन परीक्षक निकाल देतात. आपल्याकडे दिवाळीतल्या वाड्यावाड्यावरच्या नरकासुराच्या पुतळ्यांच्या स्पर्धांमुळे या प्रकाराची सवय आहेच, पहाटे निकाल लागेपर्यंत नरकासुर जळून गेलेला असतो. परीक्षक म्हणून काकांना बोलवा. त्यांना पडद्यावर चौघांपैकी कोण कोण आहे ते कळत नाही, आणि त्यांचा निर्णय अंतिम असतो.

हे सगळं करूनही एखादा सात वर्षांचा भाचा सगळी बटणं एकदम दाबून जिंकेल. घाबरू नका. ‘इव्हो’सारख्या मोठ्या स्पर्धांत डबल एलिमिनेशन असतं: एकदा हरलेला लूझर्समधून, म्हणजे हरलेल्यांच्या गटातून, वर येऊन अंतिम फेरी गाठू शकतो, पण न हरता आलेल्या खेळाडूला हरवायचं तर तिथे त्याने दोन सामने जिंकावे लागतात. भाच्याला सांगा की मामा आजवर हरलेला नव्हता, तेव्हा तू मला अजून एकदा हरव. त्याने पुन्हा हरवलं तर आधीची ट्रायल होती म्हणा. तिसऱ्यांदाही हरवेल असं दिसू लागलं तर भाद्रपदातल्या पावसात वीज जाते यावर गोव्यात कुणी शंका घेत नाही. मेन स्विच कुठल्या दाराआड आहे, तेवढं दुपारीच बघून ठेवा.