अभयारण्य मोडा, फलक मात्र राहू द्या

अभयारण्य मोडायचं असेल तर एक पथ्य पाळा: फलकाला हात लावू नका. जायकवाडीचं पक्षी अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचं. ते रद्द करा म्हणालात तर कोर्टकचेऱ्या मागे लागतील. त्यापेक्षा फलकाला नवा रंग द्या, नारळ फोडा, फोटो काढा आणि मग निवांत आतल्या कामाला लागा.

कुणी आडवं आलंच तर त्याला इतिहास ऐकवा. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, काही देवानं केलेला नाही. १९६५ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ला इंदिरा गांधींनी लोकार्पण. धरण बांधलं शेतीसाठी. पाखरं मागून आली, न बोलावता. त्यांच्याकडे ना सातबारा, ना रेशनकार्ड. पैठणच्या कुठल्याही हॉटेलात हा मुद्दा चहाबरोबर खपतो.

खरी मेख गाळपेरात, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पीक घेण्यात आहे. या धरणाचा पसारा अफाट, पण खोली बेताची. पाणी हातभर उतरलं की काठ लांबवर उघडा पडतो. त्या ओल्या पट्ट्यात किडे, अळ्या, गोगलगायी यांची नुसती चंगळ. शेकाट्या आणि तुतवार तिथंच चोची खुपसत फिरतात. जरा आत, गुडघाभर पाण्यात, रोहित (फ्लेमिंगो) चोच उलटी करून गाळातलं खाणं गाळून घेतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब काठावरचे कोवळे कोंब खुडतात. थोडक्यात, पाखरांचं ताट इथं वाढलेलं असतं. तेव्हा पाणी हटलं की त्याच दिवशी नांगर घाला.

ही जमीन आधी धरणग्रस्तांना द्यावी असा नियम आहे, आणि ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांनी चार ओळी हरभरा पेरला तर बोलायला कुणाला तोंड आहे? म्हणूनच कागदावर त्यांचं नाव हवं. ट्रॅक्टर तुमचा, मोटार तुमची, टरबूजही तुमचंच. फवारणी अगदी पाण्याच्या कडेपर्यंत करा. उरलेलं औषध वाया जात नाही. संभाजीनगरला पिण्याचं पाणी इथूनच जातं.

काठावर बेशरमाची झुडपं माजली, पाण्यावर जलपर्णी पसरली, तर ‘हिरवाई वाढली’ म्हणा. रविवारी ड्रोन उडवून चक्रवाकांचा थवा उठवा. बसलेल्या पाखरांच्या व्हिडिओला कोण लाइक देतं? हिवाळाभर खाऊन साठवलेली चरबी त्यांना परतीच्या वाटेवर लागते म्हणतात. लागू दे. आता जलाशयावर तरंगते सौर पॅनल बसवायची योजनाही आहे. पाखरांना सावली होईल.

आणि भांडायचंच असेल तर पाण्यावरून भांडा. १५ ऑक्टोबरला धरण ६५ टक्क्यांच्या खाली दिसलं की वरच्या धरणांतून पाणी सोडा म्हणायचं, मग नाशिक-नगर एकीकडे, मराठवाडा एकीकडे, मोर्चे, याचिका, सगळं यथासांग. मागणी रास्तच आहे, तेव्हा आवाज कमी करू नका. या गदारोळात पाखरांचा टक्का कुणी विचारत नाही.

पक्षीगणनेचं बोलावणं आलं तर मात्र जरूर जा. गळ्यात दुर्बीण अडकवा, पोहे खा. आकडा कमी भरला तर खापर सैबेरियाच्या थंडीवर फोडा. तिकडून खुलासा करायला कुणी येत नाही.